आजोबांची रॅले दुरुस्त करताना: आधी माप, मग सुटे भाग

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वाईच्या वाड्यात माळ्यावर आजोबांची काळी रॅले सायकल सुमारे ४० वर्षे पडून होती. चाके २८ इंची, ब्रेक सळयांचे, मागच्या चाकात तीन गिअरांचा हब (चाकाच्या मधोमधचे नळकांडे) आणि पुढच्या चाकात डायनामोचा हब. गिअर मध्येच सुटतो, डावीकडची कॉटर पिन (क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, ॲक्सलला पक्का धरणारी पाचर) हलत नाही, सीटचे कातडे फाटले आहे आणि रिम-मडगार्डांवर गंज आहे. गावातल्या एका कारागिराने सगळी सायकल खरडून पावडर कोटिंग (रंगाची भुकटी भट्टीत वितळवून चढवणे) करावे आणि हँडल-रिमांवर नवे क्रोम चढवावे, असे सुचवले आहे. ते करावे का, आणि सुटे भाग कोठे मिळतील, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

पावडर कोटिंग करू नये, हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आताच देतो. त्याची कारणे पुढे येतील. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठे आहे, कारण भाग कोठे मिळेल याआधी कोणत्या मापाचा भाग हवा हे ठरावे लागते आणि जुन्या सायकलींची बहुतेक नासाडी या पायरीवरच होते. गंजाने जेवढ्या सायकली गेल्या असतील त्याहून जास्त सायकली चुकीचा नवा भाग जबरदस्तीने बसवल्यामुळे गेल्या, असे इतक्या वर्षांच्या कामानंतर माझे मत झाले आहे.

म्हणून पान्याला हात लावण्यापूर्वी सायकल ओळखून घ्या. रॅले हे नाव इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या कारखान्याचे. स्वातंत्र्यानंतर मात्र आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातही याच नावाच्या सायकली बनू लागल्या, त्यामुळे केवळ नाव पाहून सायकल कोठली हे कळत नाही. हँडलखालच्या नळीवर बगळ्याच्या तोंडाचा पितळी बिल्ला असेल, त्याच्या खालच्या ओळीतली अक्षरे भिंगाने वाचा. पायडलच्या मोठ्या चाकाची नक्षीही पाहा: रॅलेच्या चाकात बगळ्यांची डोकी असतात, हंबर कंपनीच्या चाकात हात पसरलेली माणसे, तर रज कंपनीच्या चाकात उघडा पंजा. पूर्वीच्या एखाद्या दुरुस्तीत चाक बदलले असेल, तर ते येथेच उघड होते.

यानंतर मागच्या हबकडे या. त्याच्या जाड नळकांड्यावर ४० वर्षांचे तेल आणि धूळ यांचा काळा थर असेल. जुन्या सुती कापडावर थोडे डिझेल घेऊन तो गोल गोल पुसत राहा. आधी स्टर्मी-आर्चर हे हब बनवणाऱ्या कंपनीचे नाव दिसू लागते, मग एडब्ल्यू ही हबच्या प्रकाराची अक्षरे आणि त्यांच्याजवळ दोन अंक. ते अंक ५२ असतील तर हब १९५२ सालचा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हबांवर बहुधा शेजारी महिन्याचाही अंक असतो. हे साल हबचे आहे, सायकलचे नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे. पण चाक मूळचे असेल, तर सायकल त्याच वर्षीची किंवा फार तर पुढच्या वर्षीची धरायला हरकत नाही.

त्याच बैठकीत सांगाडाही तपासून घ्यावा. मागच्या ॲक्सलच्या एका खाचेला दोरा बांधा, तो हँडलच्या नळीला पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून आणा आणि सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजा. ही दोन अंतरे सारखी भरली तर सांगाडा सरळ आहे. पुढच्या चिमट्याचा माथा आणि नळ्यांचे जोड यांच्याजवळ रंगाला केसासारखी चीर दिसली, तर तेथे नख फिरवून पाहा. नख अडकत असेल, तर ती चीर रंगाची आहे की लोखंडाची हे कळेपर्यंत पुढचे काहीही करू नये.

आता मुख्य मुद्दा. ब्रिटिश सायकलींचे बहुतेक आटे एका ठरलेल्या मापाचे असत आणि आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलीही मोठ्या प्रमाणावर त्याच मापांवर बनत आल्या. मद्रासच्या टीआय सायकल्सने हर्क्युलिस, फिलिप्स आणि बीएसए या सायकली ब्रिटिश नमुन्यावरच काढल्या. त्यामुळे ७० वर्षांपूर्वीच्या इंग्लिश सायकलीचा पुष्कळसा भाग आजही तालुक्याच्या गावी सायकलच्या दुकानात मिळतो, आणि याबाबतीत आपण खुद्द इंग्लंडमधल्या हौशी मंडळींपेक्षाही सुदैवी आहोत. रॅलेने मात्र काही ठिकाणी स्वतःचे वेगळे आटे ठेवले होते. क्रँकच्या ॲक्सलच्या दोन वाट्या (ज्यांत छर्रे फिरतात त्या) आणि हँडलच्या नळीतल्या वाट्या या दोन्ही ठिकाणी इतर ब्रिटिश सायकलींना एका इंचात २४ आटे असतात, तर नॉटिंगहॅमच्या रॅलेला २६. क्रँकच्या दोन्ही प्रकारच्या वाट्यांचा व्यास जवळजवळ सारखाच, एक इंच आणि तीन अष्टमांशाच्या आसपास, आणि घोटाळा होतो तो याच सारखेपणामुळे. बाजारातली २४ आट्यांची वाटी रॅलेच्या नळीत दोन-तीन फेरे अगदी सहज जाते, मग अडते, आणि गंजामुळे अडली असावी असे समजून माणूस पाना लांब करतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. काम शिकून दोन-तीन वर्षे झाली असतील, तेव्हा एका वृद्ध गृहस्थांच्या रॅलेत मी अशीच वाटी ताकद लावून फिरवली आणि सांगाड्यातले मूळचे आटे कापून टाकले. ते आटे परत येत नाहीत. ती सायकल नंतर चालती झाली खरी, पण ज्या नळीत कारखान्याने बसवलेली वाटी इतकी वर्षे घट्ट बसली होती तेथे मला कामचलाऊ तोडगा काढावा लागला, आणि त्याचे वाईट मला आजही वाटते. तेव्हापासून आटे मोजल्याशिवाय मी वाटी हातात घेत नाही. मोजणे सोपे आहे. काढलेली वाटी स्वच्छ करा आणि पोलादी पट्टी आट्यांना लावून अर्ध्या इंचात किती आटे बसतात ते मोजा: १२ भरले तर नेहमीची वाटी, १३ भरले तर रॅलेची. आट्यांचा गेज मिळाला तर उत्तमच, तो फार महाग नसतो. सेन-रॅलेची सायकल असेल तरी नावावरून अंदाज न बांधता मोजूनच ठरवावे. ॲक्सल बदलायची वेळ आली तर नळीची रुंदीही मोजून ठेवा, कारण रॅलेची ही नळी इतरांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद असू शकते आणि तेवढ्या फरकाने बाजारातला ॲक्सल आखूड पडतो.

उजवीकडची वाटी, म्हणजे चेनच्या बाजूची, तिला फिक्स वाटी म्हणतात. तिचे आटे उलटे असतात, ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की सुटते. परंतु ती सोडवू नये, असाच माझा सल्ला आहे. डावी वाटी आणि ॲक्सल काढल्यावर आत बॅटरीचा उजेड पाडून छर्रे फिरतात तो पट्टा पाहावा. तो आरशासारखा गुळगुळीत असेल आणि त्यावर खड्डे नसतील, तर वाटी तिथल्या तिथे पुसून नवे वंगण भरावे. छर्रे मात्र सगळे नवे घालावेत, कारण ते स्वस्त असतात आणि झिजलेला एक छर्रा बाकीच्यांचे नुकसान करतो. क्रँकला पाव इंची, प्रत्येक बाजूला ११. पुढच्या चाकाला तीन सोळांश इंची, प्रत्येक बाजूला १०. जुने आणि नवे छर्रे एकत्र वापरू नयेत.

पण हे सगळे कॉटर निघाल्यानंतरचे, आणि आपली कॉटर अडलेली आहे. हातोडी उचलण्याची घाई करू नका. पिनेच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारे तेल सकाळ-संध्याकाळ असे चार-पाच दिवस घाला. मग नट पूर्ण न काढता आट्यांच्या टोकाशी समपातळीत येईल इतकाच सैल करा, म्हणजे दाब नटावरही पडतो आणि आटे चेपत नाहीत. सर्वांत चांगला उपाय म्हणजे दाबून काढणे: मजबूत व्हाइसचा (शिकंजाचा) एक जबडा नटावर टेकवायचा आणि दुसऱ्या बाजूला कॉटरचे डोके आत जाईल असा नळीचा तुकडा ठेवून व्हाइस आवळायचा. कॉटर सुटते तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो, घाबरू नये. व्हाइस नसेल तर क्रँकच्या खाली जमिनीपर्यंत पोहोचणारा लोखंडी पाइप उभा करा, त्याचे तोंड कॉटरच्या डोक्याभोवती यावे, आणि मग जड हातोडीचा एकच नेमका घाव घाला. आधार न देता हलके हलके वीस घाव घालणे हा सर्वांत वाईट प्रकार, कारण त्यातला प्रत्येक घाव छऱ्यांमार्फत वाटीवर जातो आणि तिच्यात खड्डे पाडतो. पिनेचे टोक वाकलेच तर ते करवतीने कापून मधोमध ड्रिलने पोकळ करावे, की उरलेली पिन सहज निघते.

नवी कॉटर घेताना व्यास मोजून घ्या. ब्रिटिश आणि आपल्याकडच्या सायकलींना साडेनऊ मिलिमीटरची लागते. युरोपातल्या काही सायकलींना ९ ची लागते आणि ती येथे सैल बसून महिन्याभरात क्रँकचे भोक खाते. बाजारातल्या कॉटरची चपटी बाजू बऱ्याचदा जुन्या कॉटरच्या उताराशी जुळत नाही. जुनी शेजारी ठेवून कानशीने उतार जुळवावा, आणि दोन्ही कॉटर एकमेकींच्या उलट दिशेने घालाव्यात, नाहीतर दोन पायडले एका रेषेत येत नाहीत. कॉटर दाबून किंवा ठोकून बसवावी. नट आवळून ती ओढून घेण्याचा प्रयत्न केल्यास तिचे आटे तुटतात.

आपला गिअर सुटण्याचे कारण बहुधा आत काही तुटले हे नसून तार सैल झाली आहे हे असेल. एडब्ल्यू हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक रिकामी जागा असते. तारेचा ताण चुकला की हब त्या रिकाम्या जागी जाऊन बसतो आणि पायडल एकदम हलके पडते. उभ्याने पायडल मारताना असे झाले तर माणूस पडतो, म्हणून हे आधी दुरुस्त केल्याशिवाय सायकलवर बसू नका. हँडलवरचा गिअरचा दांडा दुसऱ्या गिअरवर ठेवा, मागच्या उजव्या नटाला असलेल्या छिद्रातून आत पाहा आणि गिअरच्या छोट्या साखळीला जोडलेल्या बारीक सळईची पायरी ॲक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत येईपर्यंत तारेचा ताण जमवा. त्याआधी हबच्या पाठीवरच्या छोट्या टोपणातून थोडे डिझेल घालून चाक फिरवून ते बाहेर येऊ द्यावे, आणि मग २० किंवा ३० ग्रेडचे साधे इंजिन तेल दोन चमचे घालावे. हबच्या आतल्या यंत्रात घट्ट ग्रीस भरू नये, त्यातल्या केसाएवढ्या स्प्रिंगा ग्रीसमध्ये अडकतात. माझ्याकडे 'हब गेला' म्हणून आलेल्या सायकलींपैकी बहुतेकांचा हब केवळ वाळून गोंद झालेल्या तेलाने धरलेला होता.

हब उघडावाच लागला तर एक गोष्ट आधी करा. उजवीकडच्या खाचा असलेल्या मोठ्या कड्यावर आणि हबच्या कडेवर समोरासमोर एकेक खूण करून ठेवा. या कड्याचे आटे दुहेरी आहेत, म्हणजे ते दोन जागी सुरू होतात. परत बसवताना ते दुसऱ्या आट्यावर चढले तर इतकी वर्षे नीट फिरणारे चाक अकारण आउट होते, म्हणजे डगमगत फिरते. आतले चार छोटे दातेरी चाक, पंजे आणि स्प्रिंगा यांचे सुटे भाग मिळतात, कारण १९३६ मध्ये आलेल्या या हबची रचना पुढच्या अनेक दशकांत मुळातून बदलली नाही आणि एका दशकातला भाग दुसऱ्या दशकातल्या हबला बहुधा चालतो. नॉटिंगहॅमचा स्टर्मी-आर्चर कारखाना २००० साली बंद झाला, परंतु नाव आणि यंत्रसामग्री तैवानच्या सनरेस कंपनीने घेतली आणि तीन गिअरांचे हब तेथे आजही बनतात. पुढच्या चाकातला डायनामोचा हब मात्र शक्यतो उघडू नका. त्यातले तारांचे वेटोळे चुंबकाच्या कड्यातून बाहेर काढले आणि चुंबकाला त्या क्षणी लोखंडाचे कडे घातले नाही, तर त्याची शक्ती कमी होते. दिवा मंद लागत असेल तर आधी तारा आणि बल्ब तपासावेत.

टायर, रिम आणि ब्रेक यांची चिंता नको. आपल्या रिमला लागणारा टायर २८ गुणिले दीड इंच या मापाचा आणि तो आपल्याकडे अजून सर्वत्र मिळतो. टायरच्या कडेवर ६३५ हा आकडा (रिमवर बसणाऱ्या कडेचा मिलिमीटरमधला व्यास) पाहून घ्या. शहरातल्या नव्या दुकानात '२८ इंची' म्हणून कधी कधी ६२२ चा टायर हातात ठेवतात. तो १३ मिलिमीटर लहान असतो आणि कितीही ओढला तरी या रिमवर चढत नाही. रिमला पुढे ३२ आणि मागे ४० भोके असतील, आणि आपल्याकडच्या साध्या सायकलींच्या रिमलाही तेवढीच असतात, त्यामुळे एखादी रिम खरोखरच सडली असेल तर बदलणे अवघड नाही. सळयांच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूला वर ओढले जाते, म्हणून गंज पाहताना रिमची तीच बाजू पाहावी. ती खडबडीत असेल तर रबर आठवड्यात संपते, आणि पावसात तर हे ब्रेक मुळातच कमजोर असतात.

आता रंगाविषयी. रॅलेचा काळा रंग भट्टीत भाजलेला असे आणि त्यावरच्या सोनेरी रेघा कारागीर हाताने ओढत. पावडर कोटिंगचा थर जाड असतो. जोडांच्या कडांची धार, कोरलेले क्रमांक आणि ती सगळी नक्षी त्याखाली बुजून जाते. त्याआधी वाळूच्या माऱ्याने सगळे खरवडले जाते ते वेगळेच. आजोबांच्या हातांनी जेथे रंग झिजला आहे तेथे तो झिजलेलाच असू द्या. साबणाच्या कोमट पाण्याने सांगाडा धुवा, बारीक रबिंग कंपाउंड आधी क्रँकजवळच्या न दिसणाऱ्या जागेवर लावून पाहा, आणि चित्रे व सोनेरी रेघा यांच्यावर ते मुळीच घासू नका. शेवटी मेणाचे पॉलिश. एखादी रेघ पूर्ण गेली असेल तर दुकानांच्या पाट्या हाताने रंगवणारा जुना पेंटर शोधा. लांब केसांच्या ब्रशाने एका श्वासात रेघ ओढणारी माणसे अजून आहेत.

रिम आणि हँडलच्या गंजासाठी ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात: एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे, प्लॅस्टिकच्या टबात, दर अर्ध्या तासाने पाहत, आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने स्वच्छ धुऊन लगेच कोरडे करायचे. ते विषारी आहे, हातमोजे घालावेत आणि लहान मुले जवळ नसावीत. ज्या लोखंडी भागांवर रंगही नाही आणि क्रोमही नाही, त्यांना साखर कारखान्याच्या मळीचे पाणी उत्तम, एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी. एक-दोन आठवडे भाग बुडवून ठेवला की गंज निघतो आणि खालचे लोखंड शाबूत राहते. अल्युमिनियमचा भाग मात्र त्यात टाकू नये. वाई-साताऱ्याकडे मळी मिळवणे आपल्याला कठीण जाऊ नये. नव्या क्रोमच्या बाबतीत एवढेच सांगतो की मुलामा देण्यापूर्वी भाग घासून पातळ केला जातो आणि तीव्र ॲसिडात बुडवला जातो. त्यात कोरलेली नावे जातात, आणि सीटच्या स्प्रिंगांसारखे कडक पोलाद ठिसूळ होऊन नंतर अचानक तुटू शकते.

सीटचा लोखंडी सांगाडा चांगला असेल तर तो फेकू नका. कातडे वनस्पतींच्या सालीने कमावलेले, चार-पाच मिलिमीटर जाडीचे हवे. कोल्हापुरी चपलांसाठी बाभूळ आणि हिरड्याने कमावतात तशा जातीचे. ते भिजवून सांगाड्यावर ओढून बसवायचे, आठवडाभर सावलीत वाळू द्यायचे आणि तांब्याच्या रिव्हेटांनी ठोकायचे. चपलांचा जाणता कारागीर हे काम करू शकतो, फक्त जुन्या कातड्यावरून कागदाचा नमुना आधी काढून द्यावा.

उरलेल्या भागांसाठी पहिली जागा म्हणजे आपल्याच भागातली जुनी सायकल दुकाने. मालक वयस्कर असतील तर त्यांच्या पोटमाळ्यावर तेलकट कागदात गुंडाळलेल्या वाट्या आणि कॉटरचे डबे अजून असतात. मागणी नसल्याने ते पुढे येत नाहीत, म्हणून जुना भाग हातात घेऊन जावे आणि तसाच दुसरा मागावा, नाव सांगून मागू नये. पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि मुंबईतला चोरबाजार येथे दिवे, घंट्या, पंप आणि चेनकेस मिळून जातात. २६ आट्यांच्या वाट्या मात्र बहुधा इंग्लंडमधून वापरलेल्या मागवाव्या लागतात. तेथे १९५५ पासून व्हेटरन-सायकल क्लब ही संस्था आहे आणि तिच्या सभासदांकडे प्रत्येक जुन्या कंपनीची माहिती असते. विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून आट्यांवर पट्टी ठेवलेले छायाचित्र मागून घ्यावे.

सगळे जुळल्यावर पहिल्या २० किलोमीटरनंतर दोन्ही कॉटर पुन्हा दाबून नट आवळावेत आणि चाकांचे आउट पाहावे. बदललेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवा. हँडलजवळ नगरपालिकेच्या कराचा जुना बिल्ला असेल, तर तो कोरड्या कापडानेच पुसून आहे तेथेच राहू द्या. डावी वाटी निघाली की अर्ध्या इंचातले आटे मोजून कळवा. १२ असतील तर वाईतच काम होईल, १३ असतील तर कोणती वाटी मागवायची ते मी मापासह लिहून देईन.